जाणकाराने बोलू नये

माजी विद्यार्थी संघाच्या लोकधोरण मंचाचा नियम एकच होता, पण तो संघाच्या घटनेपेक्षा कडक पाळला जायचा. ज्याला विषयातलं कळतं, त्याने त्या विषयावर बोलायचं नाही.

ऐकणाऱ्याला थट्टा वाटेल, पण त्यामागे इतिहास होता. मंच सुरू झाला तेव्हा पहिलीच चर्चा रस्त्यांवरच्या टोलवर ठेवली होती. बाजूने बोलायला रस्त्यांचा एक कंत्राटदार, विरुद्ध बोलायला मालट्रकांचा एक मालक. दोघेही एकाच वसतिगृहातले आणि विषयात पुरते मुरलेले. अर्ध्या तासात चर्चा धोरणावरून एकमेकांच्या खानदानावर गेली आणि वाचनालयाच्या दोन खुर्च्या कायमच्या अधू झाल्या. तेव्हा अध्यक्षस्थानी असलेल्या निवृत्त न्यायमूर्तींनी जागच्या जागी निकाल दिला, की जाणकार म्हणजेच हितसंबंधी, आणि हितसंबंधी माणसाने तटस्थ मंचावर तोंड उघडू नये.

तेव्हापासून मंचावर शांतता नांदत होती. बंदरांच्या धोरणावर गाण्याचे मास्तर बोलले होते, शेतमालाच्या भावावर भूलतज्ज्ञ बोलले होते आणि खरोखरच सगळ्यांना गुंगी आली होती. एकाही वक्त्याने दुसऱ्याला कधी खोडून काढलं नाही, कारण खोडायला हाताला काही लागतच नसे. माणसाला माहिती नसली की तो किती गोड बोलतो, हे पाहायला दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी विद्यापीठाच्या जुन्या वाचनालयात साठ-सत्तर माणसं जमायची. चहा प्यायची, हात वर करून ठराव मंजूर करायची आणि सरकारचा एक प्रश्न मार्गी लावून आपापल्या घरी जायची. ठराव सुबक टंकून संबंधित खात्याकडे रवाना व्हायचा. खातं त्याचं पुढे काय करतं, हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. तसं विचारणं हेच हितसंबंधाचं लक्षण ठरलं असतं.

हेडबाई या मंचाच्या जुन्या सभासद. एका लहानशा सरकारी प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका, म्हणून सगळे त्यांना हेडबाईच म्हणायचे, शाळेत आणि शाळेबाहेरही. तिसऱ्या रांगेतली खांबालगतची खुर्ची त्यांची. तिथून सगळे दिसायचे आणि खांबामुळे आपली जांभई कुणाला दिसायची नाही. कोण कुणाच्या भाषणाला ‘अप्रतिम’ म्हणतो आणि ते अप्रतिम पुढच्या खेपेला सव्याज कसं परत मिळतं, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात चोख असे. त्यांच्या मते मंचावर दुसरं काही उत्पादन होतच नव्हतं, पण या एका मालाची देवाणघेवाण मात्र अगदी प्रामाणिक होती.

त्या महिन्याचा संदेश फोनवर आला तेव्हा बाई शाळेच्या व्हरांड्यात उभ्या होत्या. विषय: ‘लहान शाळांचे विलीनीकरण: काळाची गरज?’ प्रश्नचिन्ह नुसतं शोभेचं, हे लहान मुलालाही कळलं असतं. वक्ते: आपले दंतवैद्य मित्र. प्रमुख पाहुणे: शिक्षण खात्याचे सचिव, आपल्याच विद्यापीठाचे.

बाईंनी फोन बंद केला आणि समोर पाहिलं. पटांगणात तिसरीचा वर्ग जमिनीवर खडूने बेरजा करत होता. शाळेत मुलं साठेक, शिक्षक तीन, चौथ्या त्या स्वतः. खात्याच्या भाषेत ही ‘अव्यवहार्य शाळा’. विलीनीकरण झालं की मुलांनी पलीकडच्या मोठ्या शाळेत जायचं. पलीकडची म्हणजे महामार्गाच्या पलीकडची. सहा पदरी रस्ता, मध्ये दुभाजक, आणि मालमोटारी अशा धावायच्या की त्यांच्यामागे कुणी लागलंय असं वाटावं. कागदावर दोन्ही शाळांमधलं अंतर बोटभर होतं. नकाशावर गाड्या दाखवायची पद्धत नसते.

खात्याला बाईंनी लिहून कळवलं होतं. उत्तर आलं होतं की सेवेतल्या कर्मचाऱ्याने धोरणावर मत देऊ नये. म्हणजे कामावर असताना तोंड उघडायचं नाही कारण त्या नोकर, आणि मंचावर उघडायचं नाही कारण त्या जाणकार. शाळेबद्दल मनातलं बोलायला बाईंना एकच जागा उरली होती, ती म्हणजे स्वयंपाकघर. तिथे ऐकायला नवरा होता.

नवरा विमा कंपनीतून निवृत्त झालेला, स्वभावाने थंड आणि जिभेने तिखट. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की सचिवासारखा मोठा माणूस या म्हाताऱ्यांच्या मेळ्यात कशाला तडफडायला येतोय? बाईंनाही तेच कोडं होतं. दुसऱ्या दिवशी खात्यातल्या एका जुन्या कारकुनाने ते सोडवलं. असा निर्णय घेण्याआधी एखाद्या नागरिक मंचाशी सल्लामसलत झाल्याची नोंद फाइलीत लागते, आणि ती या शनिवारपर्यंत लागली नाही तर प्रस्ताव गेला पुढच्या वर्षात. सचिव स्वतः मंचाचा जुना श्रोता. टाळ्यांशिवाय जिथे दुसरा आवाज होत नाही अशी जागा त्याला नेमकी ठाऊक होती.

बाईंनी न्यायमूर्तींना फोन लावला. एवढ्या एका खेपेला मला पाच मिनिटं द्या, म्हणाल्या. न्यायमूर्ती विरघळले, पण वाकले नाहीत. बाई, तुमच्याइतकं या विषयात कुणालाच कळत नाही, असं ते अगदी मनापासून म्हणाले, आणि तोच तर अडसर आहे. अपवाद केला की नियम गेला, नियम गेला की खुर्च्या गेल्या. बाईंनी आभार मानून फोन ठेवला. न्यायमूर्तींवर रागावणं म्हणजे घड्याळावर रागावण्यासारखं होतं.

“अगं, तुझी ती दाढ दुखत होती ना?” नवरा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला. “दाखव की दंतूला.”

दंतू म्हणजे ते दंतवैद्य. विद्यापीठात बाईंच्याच वर्गातला, हसरा, सढळ जिभेचा आणि जगातल्या प्रत्येक प्रश्नाचं मूळ चावण्याच्या सवयीत शोधणारा. त्याचा दवाखाना बाजाराच्या मागच्या गल्लीत होता. एक खोली, एक खुर्ची, एक मदतनीस मुलगी, आणि बाहेरच्या बाकावर गाल धरून बसलेली माणसं. बाईंना पाहून तो फार खूश झाला. त्यांना आत घेतलं, खुर्ची मागे पाडली, दाढेभोवती सुई टोचली, तोंडात लाळ ओढणारी नळी अडकवली आणि मगच विचारलं, “बोल, कशी आहे शाळा?”

बाईंना वाटलं होतं, आधी दोन शब्द बोलायला मिळतील. पण त्या धंद्याची रीतच उलटी. दंतू आरसा आणि कोरणी घेऊन कामाला लागला आणि बरोबरीने शनिवारचं भाषणही सुरू झालं. त्याने म्हणे विषयाचा खूप विचार केला होता. लहान शाळा म्हणजे हलणारे दात. ठेवले तर ना चावता येत, ना हसता येत. काढून टाकायचे आणि एक भक्कम कवळी बसवायची. एका शाळेत तीन शिक्षक म्हणजे विज्ञानाला तज्ज्ञ नाही, प्रयोगशाळा नाही, मैदान नाही. अशा दहा बंद करून एक भव्य केंद्र उभारायचं. मुलांना थोडं लांब जावं लागेल, पण प्रगतीसाठी थोडं चालायला काय हरकत आहे?

बाई “आँ” म्हणाल्या. दंतू म्हणाला, बरोबर, तुलाही पटतंय. बाईंनी हात हलवला. दंतूला वाटलं दुखतंय, म्हणून त्याने आणखी एक सुई टोचली. आता जीभही गेली. महामार्ग हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारून पाहिला, आणि दोन्ही वेळा दंतूने त्यांना चूळ भरायला लावली. बाई निघताना तो म्हणाला की या विषयावर इतक्या शांतपणे ऐकून घेणारं माणूस त्याला आजवर भेटलं नव्हतं, आणि मुळाचं काम मोठं आहे, गुरुवारी परत ये.

अर्धा चेहरा बधिर, घरी आल्यावर चहा गालातून ओघळतोय, आणि समोर नवरा विचारतोय की चर्चा कशी झाली. बाईंनी त्या दिवशी जेवणही केलं नाही. मात्र संध्याकाळभर त्या गप्प बसून होत्या आणि नवऱ्याला ते बसणं ओळखीचं होतं. लग्नानंतर एकदा दिराने सामायिक भिंतीत नवी खिडकी काढायची ठरवली तेव्हा अशाच त्या गप्प बसल्या होत्या. ती खिडकी अजून निघालेली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी न्यायमूर्तींना पुन्हा फोन केला. या वेळी आवाज अगदी लीन. नियम मला पटला आहे, म्हणाल्या, आणि प्रायश्चित्त म्हणून पुढच्या महिन्यात मी बोलेन. ज्यातलं मला ओ की ठो कळत नाही असा विषय द्या. न्यायमूर्तींना भरून आलं. बाईंनी अडखळत, आत्ताच सुचल्यासारखा, एक विषय पुढे केला. न्यायमूर्तींनी तो लगेच मंजूर केला आणि त्यांच्या तटस्थतेचं कौतुक केलं.

गुरुवारी बाई दवाखान्यात गेल्या आणि खुर्चीत बसल्या, पण तोंड मिटून. दंतू नळी घेऊन वाकला तेव्हा त्यांनी त्याचा हात बाजूला केला.

“आधी मी बोलते, मग आ करते.”

“अगं, बोल ना.”

“पुढच्या महिन्यात मंचावर मी वक्ता आहे. विषय ऐक. एकखुर्ची दवाखाने: किती काळ?”

दंतू हसला. हेडबाईंना दवाखान्यातलं काय कळतं, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं आणि नियमाप्रमाणे तीच त्यांची पात्रता होती. बाईंनी डोळे मिटले आणि भाषण म्हणायला सुरुवात केली. एकखुर्ची दवाखाना म्हणजे हलणारा दात. एक डॉक्टर, एक मदतनीस, तज्ज्ञ नाही, यंत्रं नाहीत, मैदान तर नाहीच. असे दहा बंद करून एक भव्य दंतकेंद्र उभारायचं. रुग्णांना थोडं लांब जावं लागेल, पण प्रगतीसाठी थोडं चालायला काय हरकत आहे?

मदतनीस मुलगी हातातली वाटी तशीच धरून उभी राहिली.

“हे कुठून आणलंस तू?” दंतूचा आवाज उतरला होता.

“तुझंच आहे. शाळेच्या जागी दवाखाना घातला. बाकी कानामात्रा बदलली नाही.”

दंतूने स्वतःला सावरलं. आपल्या ठरावाला कोण कुत्रं विचारतं, म्हणाला. बाईंनी मान डोलावली. आजवर नव्हतं विचारत. पण शनिवारी शिक्षणवाला सचिव ठराव खिशात घालून नेणार, आणि ते पाहून आरोग्यवालाही येणार. त्यालाही कुठल्या तरी फाइलीत टाळ्यांची नोंद लागतच असेल. एकदा प्रथा पडली की पडली, दंतू.

तो बराच वेळ हातातला आरसा पुसत राहिला. बाहेरच्या बाकावर कुणीतरी कण्हत होतं. मग त्याने अगदी हळू विचारलं, की लहान शाळांच्या बाजूने बोलायचं झालं तर साधारण काय बोलतात? बाईंनी सांगितलं. मोजकंच सांगितलं, कारण जास्त कळलं असतं तर तोही जाणकार ठरला असता. आणि त्यांनीही शब्द दिला की पुढच्या महिन्यात एकखुर्ची दवाखान्याची अशी आरती ओवाळेन की बाकीच्यांनी आपापल्या खुर्च्या कमी कराव्यात. मग त्यांनी आ केला. दंतूने ते मुळाचं काम जन्मात कुणाचं केलं नसेल इतक्या हळुवार हाताने पुरं केलं.

शनिवारी वाचनालय भरलं होतं. सत्तेवरचा माणूस येणार म्हटल्यावर एरवी गुडघे दुखणारेही आले होते. सचिव वेळेवर आला. वसतिगृहात त्याला ढापण्या म्हणायचे. चष्मा तोच होता, फक्त आता त्याच्यामागे गाडी, शिपाई आणि पातळशी फाइल होती. फाइलीत भाषण होतं आणि भाषणाखाली ठराव, आधीच टंकलेला. सगळ्यांनी त्याला घेराव घातला. प्रत्येकाने आपलं वर्ष, वसतिगृह आणि मुलाचा प्रलंबित अर्ज सांगितला. तो सगळ्यांना ‘पाहतो’ म्हणाला, म्हणजे पाहणार नव्हता.

दंतू उभा राहिला. सुरुवात बरी केली. लहान शाळेत मूल हरवत नाही, म्हणाला. मास्तरांना बापाचं नाव ठाऊक असतं, आजारी पडलं तर घरी निरोप जातो. सचिवाने चष्मा पुसला. हे त्याच्या टंकलेल्या ठरावात बसत नव्हतं. पण दंतूला आता स्वतःच्याच आवाजाची चटक लागली. लहान जागेचं महत्त्व सांगता सांगता तो खोलीवर आला, खोलीवरून खुर्चीवर आला. म्हणाला, माणूस ओळखीच्याच खुर्चीत निर्धास्त मान टाकतो. मोठमोठ्या केंद्रांत दर खेपेला नवा डॉक्टर, कुणाला कुठली दाढ याचा पत्ता नाही. मी सांगतो, चांगला दात उपटलेली तीन माणसं एकट्या गेल्या महिन्यात माझ्याकडे रडत आली...

न्यायमूर्तींची घंटा वाजली.

पहिल्यांदा दंतूला वाटलं वेळ संपली. न्यायमूर्तींनी उभं राहून अतिशय दुःखी आवाजात सांगितलं, की वक्ते आपल्या व्यवसायावर बोलले आहेत, ज्ञानाने बोलले आहेत, सबब नियमभंग झाला आहे आणि संपूर्ण भाषण कामकाजातून काढून टाकण्यात येत आहे. दंतूचं तोंड उघडं राहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो उघड्या तोंडाच्या चुकीच्या बाजूला होता. त्याने तिसऱ्या रांगेकडे अशा नजरेने पाहिलं की बाईंनी खांबाआड व्हावं.

पण खांबाआड व्हायला वेळ नव्हता. भाषण गेलं, म्हणजे शाळेच्या बाजूने बोललेलं सगळं गेलं, आणि तिकडे सचिव फाइल उघडत उभा राहत होता. वक्ते नाहीत तर मीच थोडक्यात विषय मांडतो आणि ठराव वाचतो, असं तो प्रसन्न चेहऱ्याने म्हणाला. सभागृहाने टाळ्या वाजवायला हात उचललेही. नव्या शैक्षणिक वर्षात त्या साठ पोरांनी दप्तरं घेऊन सहा पदरांसमोर उभं राहायचं, हे ठरायला आता या टाळ्यांचंच अंतर उरलं होतं.

बाई उठल्या.

“हरकतीचा मुद्दा आहे, न्यायमूर्ती.”

न्यायमूर्तींनी हात वर केला. बाई, तुम्हाला या विषयावर बोलता येणार नाही, म्हणाले.

“मी शिक्षणावर बोलतच नाही. नियमावर बोलते. पाहुण्यांचा व्यवसाय काय?”

सभागृहात कुणीतरी शिक्षण सचिव असं म्हणालं आणि म्हटल्याबरोबर गप्प झालं. आजवर प्रमुख पाहुणेही विषयाबाहेरचेच असायचे. वनदिनाला बँकेचे अध्यक्ष, जलदिनाला नाटकातले नट. या खेपेला पाहुणा स्वतःहून आला होता आणि येण्याच्या आनंदात तो कोण आहे हे पाहायचं राहून गेलं होतं.

सचिव हसून म्हणाला की मी तसा जाणकार वगैरे नाही, या खात्यात येऊन मला दीड वर्षच झालं. बाईंना ते मनापासून मान्य होतं, पण त्या तसं बोलल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, की पाहुण्यांनी आपल्याला शिक्षणातलं काही कळत नाही असं इतिवृत्तात लिहून दिलं तर माझी हरकत नाही. त्यांनी जरूर बोलावं.

ही दोन वाक्यं सचिवाने मनात फिरवून पाहिली. इतिवृत्त फाइलीत लागणार होतं, फाइल मंत्र्याकडे जाणार होती. तो खाली बसला.

न्यायमूर्तींच्या डोळ्यांत मात्र एक वेगळीच चमक आली होती. निवृत्तीनंतर इतका निर्भेळ कायद्याचा मुद्दा त्यांच्यापुढे आला नव्हता. हरकत मान्य, म्हणाले. आता सभागृहातल्या कुणीही तटस्थ सभासदाने विषय मांडावा. एक निवृत्त जहाज कप्तान लगबगीने उभे राहिले. कप्तान कशाच्याही बाजूने बोलत, फक्त वारा कुठला आहे ते पाहून. पण न्यायमूर्ती आता थांबणार नव्हते. कप्तान, तुमची नातवंडं शाळेत जातात का? जातात. मग तुम्ही पालकपक्ष. बसा. त्यांच्या शेजारचे वकील उठले. बायको शिक्षिका. बसा. मागच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, मला मूलबाळ नाही आणि शाळेशी संबंधही नाही.

“पण आपण शिकलात ना?” न्यायमूर्ती म्हणाले.

आणि मग ते स्वतःच थबकले. घंटेवर बोट ठेवून उभे राहिले. पुढे काय येतंय हे त्यांना दिसलं असावं. ते त्यांनी टाळलं नाही, यात त्यांचा मोठेपणा. त्यांनी सभागृहाकडे पाहिलं. हा पदवीधरांचा संघ. शिक्षण घेतल्याशिवाय इथे कुणाला सभासद होता येत नाही. सबब शिक्षण या विषयात इथला प्रत्येक जण लाभार्थी आहे, म्हणजेच हितसंबंधी आहे, आणि शिक्षणावर तटस्थपणे बोलू शकेल असा एकही माणूस या संघात असूच शकत नाही. हा विषय या मंचाला वर्ज्य आहे. आजची सभा झालीच नाही असं समजण्यात यावं.

मागून कुणीतरी कुजबुजलं, की मग नियमांवर न्यायमूर्तींनी तरी कसं बोलावं? न्यायमूर्तींना त्या कानाने कमी ऐकू येत असे. त्यांनी घंटा वाजवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशाला, ते विचारू नये; हात मघापासून वर होते. चहा मात्र झालेल्या सभेसारखाच झाला आणि दोघातिघांनी न्यायमूर्तींच्या निकालाला अप्रतिम म्हटलं.

बाई पायऱ्या उतरत होत्या तेव्हा सचिवाने त्यांना गाठलं. शिपायाला पुढे पाठवलं. तो चिडलेला होता, पण त्याहून जास्त दमलेला दिसत होता.

“ताई, माझी फाइल बुडवलीत तुम्ही. आता ती पुढच्या वर्षात गेली.”

“मी कुठे? मला तर बोलायलाही बंदी होती.”

त्याने फाइल काखेत मारली. मग म्हणाला, की वरून आकडा आला आहे, इतक्या शाळा कमी दिसल्या पाहिजेत. यादी त्याने केलेली नाही, यंत्राने केली. पुढच्या वर्षी ती फाइल पुन्हा येणारच. तुमची शाळा अंतराच्या निकषात चपखल बसते, असं त्याने जवळजवळ माफी मागितल्यासारखं सांगितलं. बाई म्हणाल्या, सोमवारी या. गाडी मोठ्या शाळेपाशी सोडा आणि तिथून माझ्या शाळेपर्यंत चालत या. अंतर थोडंच आहे, तुमच्याच कागदावर आहे.

तो आला. येईल असं बाईंना वाटलं नव्हतं. आला तेव्हा शाळेची मधली सुट्टी व्हायची वेळ झाली होती, आणि निघाला होता तो प्रार्थनेच्या वेळी. चष्म्यावर धूळ, एका बुटाचा बंद सुटलेला, आणि सदऱ्याच्या बाहीला दुभाजकाचा काळा रंग. त्याने बाईंकडे पाणी मागितलं. मग तो कार्यालयातल्या बाकावर बसून राहिला. काही वेळ तो बोलला नाही आणि बाईंनी त्याला बोलायला लावलं नाही. सव्वीस वर्षं पोरं सांभाळल्यावर कुणाला कधी गप्प राहू द्यायचं, हे कळतंच.

सावरल्यावर मात्र त्याच्यातला अधिकारी जागा झाला. हा रस्ता मुलांनी ओलांडणं शक्य नाही, हे त्याने मान्य केलं. आणि लगेच त्याचा चेहरा उजळला.

“ताई, उपाय सापडला. खालून भुयारी मार्ग करू. मग विलीनीकरणाला अडचणच नाही.”

बाईंच्या मनात आलं, एवढा खटाटोप करून आपणच त्याच्या हातात शाळा बंद करायचा मार्ग दिला की काय? पण हा विचार क्षणभरच टिकला. त्यांनी डोक्यात हिशेब मांडला. शिक्षण खात्याने रस्ते खात्याला लिहायचं. रस्ते खात्याने पाहणी करायची. मग नकाशा, मग निविदा, मग निविदेवर हरकत, मग फेरनिविदा. बाजारातल्या पादचारी पुलाची पायाभरणी झाली तेव्हा त्या स्वतः नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या, आणि त्याचा जिना अजूनही हवेतच संपत होता.

“सुंदर कल्पना आहे, साहेब,” त्या म्हणाल्या. “फक्त फाइलीवर एवढंच लिहा, की भुयारी मार्ग पुरा होऊन मुलांना खुला होईपर्यंत ही शाळा बंद करू नये.”

सचिवाला त्यात गैर काही दिसलं नाही. रास्तच होतं ते. त्याने खिशातून पेन काढलं आणि तिथेच बसून तसं लिहिलं. बाईंनी चहा मागवला आणि खुर्ची त्याच्या जवळ ओढून घेतली. भुयारात दिवे हवेत, त्यांनी सुचवलं, मुलं अंधाराला घाबरतात. त्याने लिहिलं. पाणी साचलं तर उपसायला पंप हवा. लिहिलं. सायकलींसाठी उतार हवा, तो फार तीव्र नको. पहारेकऱ्याची चौकी हवी. दोन्ही तोंडांना छप्पर हवं. सचिव भराभर लिहीत होता आणि लोकसहभाग म्हणतात तो हाच, असं म्हणत होता. बाई एकेक गरज आठवून आठवून सांगत होत्या, आणि दर सुचवणीमागे शाळेचं आयुष्य वर्षा-दीड वर्षाने वाढत होतं.